पोलाद न वितळता इमारत कशी पडते?

पत्र : ‘माझी धाकटी मुलगी न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटन भागातल्या पोलादी सांगाड्याच्या एका उंच इमारतीत अडतिसाव्या मजल्यावर नोकरी करते. गणपतीत आम्ही सगळे गावच्या घरी जमलो होतो. माझे थोरले दीर कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत. त्यांनी ठामपणे सांगितले की नुसत्या आगीने पोलादी इमारत पडूच शकत नाही. पोलाद वितळायला १५०० अंश लागतात, ऑफिसातल्या कागद-खुर्च्यांची आग हजार अंशांच्या आसपास थांबते, म्हणून ११ सप्टेंबर २००१ रोजी विमान न आदळताच पडलेली सत्तेचाळीस मजली इमारत स्फोटकांनीच पाडली असणार, असे त्यांचे म्हणणे. माझे यजमान म्हणाले, ती आगीनेच पडली. शब्दाने शब्द वाढला आणि आता दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. मला मात्र दोन्हीकडून धास्ती वाटते, कारण यजमानांचे खरे असेल तर मुलगी बसते ती इमारतही आगीने पडू शकते. तिला नोकरी बदलायला सांगू का? आणि भाऊजींना काय सांगू?’ — एक आई, सातारा जिल्हा

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही काळजीत आहात, म्हणून उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. नुसत्या आगीने पोलादी सांगाड्याची उंच इमारत पडू शकते आणि तसे घडलेलेही आहे. मात्र ते अतिशय क्वचित घडते, आणि घडण्याआधी इतक्या गोष्टी एकापाठोपाठ बिघडाव्या लागतात की केवळ त्या भीतीपोटी मुलीने चांगली नोकरी सोडावी, असे मी म्हणणार नाही. पोलादी बांधकामांचे आराखडे करण्यात आणि दुसऱ्यांनी केलेले तपासण्यात माझी चाळीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे या विषयावर लिहिताना मी तटस्थ नाही; त्या सांगाड्यांत माणसे बसतात, हे मला कधीच विसरता आलेले नाही.

भाऊजींनी जी दोन विधाने केली, ती दोन्ही खरी आहेत. पोलाद सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळते. प्रयोगशाळेत बांधकामाची अग्निपरीक्षा घेताना भट्टीचे तापमान ज्या प्रमाणित आलेखाप्रमाणे चढवतात, त्यात एका तासाने ९४५ आणि दोन तासांनी १०४९ अंश येतात, म्हणजे वितळण्याच्या जवळपासही कोणी जात नाही. चूक आहे ती या दोन विधानांना जोडणाऱ्या ‘म्हणून’ या शब्दात, कारण इमारत पडण्यासाठी पोलाद वितळावे लागतच नाही. सर्वसाधारण बांधकामाचे पोलाद ४०० अंशांपर्यंत आपली ताकद बऱ्यापैकी टिकवून धरते, पण ६०० अंशांना ती निम्म्याच्याही खाली येते, आणि वाकायला विरोध करण्याचा त्याचा ताठपणा तर जेमतेम एक तृतीयांश उरतो. ज्या कॉलमवर रोजचाच भार त्याच्या ताकदीच्या निम्म्याइतका असतो, त्याला याहून अधिक काही व्हावे लागत नाही. भाऊजी कारखान्यात होते, तेव्हा लोखंड घडवताना ते वितळवत नाहीत, लाल करतात आणि मग ते हातोड्याचे ऐकते, हे त्यांनी माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिले असेल.

तरीही या प्रश्नातली खरी गोम ताकद कमी होण्यात नाही, ती प्रसरणात आहे, आणि ती समजायला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. गावात बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना तुम्ही पाहिले असेल. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान केलेली असते; गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवतात, तापली की ती वाढते, मग चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवतात आणि लगेच पाणी ओततात. थंड होताना ती इतकी आवळते की आरे आणि तुंबा कुरकुरतात. दीड मीटर व्यासाच्या चाकाची धाव ५०० अंशांनी तापली की तिचा घेर सुमारे २८ मिलिमीटरने वाढतो. हेच गणित पंधरा मीटर लांबीच्या बीमला लावले, तर तेवढ्याच तापमानाला तो ९ सेंटिमीटरने, म्हणजे जवळजवळ पाच बोटे, लांब होतो. धाव मोकळी असते म्हणून ती वाढून सुखाने चाकावर बसते. इमारतीतला बीम दोन्ही टोकांना बोल्टने जखडलेला असतो, त्यामुळे त्याला वाढायला जागा नसते. तो समोरच्याला ढकलतो, समोरचा हलला नाही तर स्वतः वाकतो, आणि आग पुढे सरकून तो थंड होऊ लागला की आकसताना जोड ओढून तोडतो.

पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत जळालेले गोदाम पाहायला मला बोलावले होते, तेव्हा हे मी हाताने चाचपून पाहिले आहे. आग तीन तासांत विझली होती आणि कुठेही पोलादाचा एक थेंब वितळलेला नव्हता. छताचे बीम ओली चादर दोरीवर टाकावी तसे मधोमध लोंबत होते, एका बाजूची भिंत वरच्या अंगाला चार बोटे बाहेर ढकलली गेली होती, आणि जोडपट्टीतली बोल्टची गोल भोके ओढली जाऊन अंड्याच्या आकाराची झाली होती. त्या भोकात बोट फिरवताना मला जे समजले, ते पुस्तकात वाचताना तितके समजले नव्हते.

आता तुमच्या घरच्या वादाच्या मुळाशी असलेल्या इमारतीकडे येतो. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटर संकुलातली सात क्रमांकाची ही इमारत १९८७ मध्ये पूर्ण झाली होती. ११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी १० वाजून २८ मिनिटांनी, विमाने आदळलेल्या दोन मनोऱ्यांपैकी उत्तरेचा मनोरा कोसळला, त्याचा जळता ढिगारा तिच्यावर येऊन पडला आणि निदान दहा मजल्यांवर आगी लागल्या. मनोरे पडताना शहराची मुख्य जलवाहिनी फुटली होती, आणि या इमारतीच्या खालच्या मजल्यांवरचे स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारी तोंडे, थेट त्याच जलवाहिनीवर अवलंबून होते. त्यामुळे सातव्या ते नवव्या आणि अकराव्या ते तेराव्या मजल्यांवरच्या आगी कोणीही न विझवता दिवसभर फिरत राहिल्या. जवळजवळ सात तासांनी, संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांनी, इमारत खाली आली. आतली माणसे आधीच बाहेर काढलेली असल्याने त्या पडझडीत कोणी दगावले नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘निस्ट’ने, नोव्हेंबर २००८ मध्ये याचा अंतिम अहवाल दिला. त्यातले निदान बैलगाडीच्या धावेसारखेच आहे. पूर्वेकडच्या मजल्यांचे लांब बीम तापून वाढले आणि त्यांनी तेराव्या मजल्यावरच्या एका मुख्य गर्डरला, म्हणजे बीम ज्यावर टेकतात त्या मोठ्या तुळईला, बाजूने रेटले. त्या गर्डरला पलीकडून तोलून धरणारे बीम नव्हते, कारण बीम एकाच अंगाने येऊन मिळत होते. गर्डर ७९ क्रमांकाच्या कॉलमवरच्या आपल्या बैठकीवरून सरकला आणि मजला खाली आला. एकाखाली एक असे मजले पाचव्या मजल्यापर्यंत कोसळत गेले, आणि त्यामुळे तो कॉलम नऊ मजल्यांच्या उंचीत आडव्या आधाराविना उरला. लांब काठी उभी धरून वरून दाबली की ती मधेच बाक घेते, तसा तो वाकला. शेजारचे कॉलम गेले, मग आतला सांगाडा पूर्वेकडून पश्चिमेकडे ढासळला आणि शेवटी बाहेरचे कवच आले. ढिगाऱ्याने दक्षिणेच्या बाजूला झालेली मोडतोड नसती तरी तशाच आगीने ही इमारत पडली असती, असे अहवाल स्पष्ट म्हणतो. तुमच्या प्रश्नातल्या ‘नुसत्या आगीने’ या शब्दांचे उत्तर त्या वाक्यात आहे.

भाऊजींसारख्या शंकेखोर माणसांना मी वेडे ठरवणार नाही. त्यांच्या बाजूच्या लोकांनी दोन गोष्टी बरोबर पकडल्या. ऑगस्ट २००८ च्या मसुद्यात संस्थेने इमारत मुक्तपणे, म्हणजे खालून काहीच अडवत नसल्यासारखी, खाली पडत असल्याचे मान्य केले नव्हते. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका शाळाशिक्षकाने चित्रफितीवरून मोजमाप करून आक्षेप घेतला, आणि अंतिम अहवालात सुमारे सव्वादोन सेकंद बाहेरची भिंत गुरुत्वाकर्षणाच्या पूर्ण वेगवृद्धीने खाली आल्याचे संस्थेला मान्य करावे लागले. दुसरी गोष्ट म्हणजे गर्डरच्या बैठकीची रुंदी अहवालात आधी ११ इंच दिली होती, ती नंतर १२ इंच अशी दुरुस्त करावी लागली. ज्या अहवालावर इतके अवलंबून आहे, त्यात असे व्हायला नको होते, असे मला मनापासून वाटते. शंकेखोरांच्या संघटनेच्या निधीतून अलास्का विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याचा निष्कर्ष आग हे कारण नाही, असा आहे.

मी दोन्ही बाजू वाचून माझे मत बनवले आहे आणि ते आगीच्या बाजूचे आहे. मुक्त पतनाचे ते सव्वादोन सेकंद आतला सांगाडा आधीच गेल्यावर, बाहेरचे कॉलम सुमारे आठ मजल्यांच्या उंचीत वाकून निकामी झाल्यावरचे आहेत. छतावरची पूर्वेकडची खोली त्याच्या काही सेकंद आधीच आत बुडालेली चित्रफितीत दिसते. स्फोटकांनी कॉलम कापायचा झाला, तर त्यासाठी पुरेल अशा लहानात लहान स्फोटाचाही आवाज अर्ध्या मैलावर १३० ते १४० डेसिबल भरला असता, आणि तसा आवाज त्या संध्याकाळच्या कोणत्याही ध्वनिमुद्रणात नाही. आणखी एक गोष्ट मला आकड्यांपेक्षा जास्त बोलकी वाटते. दुपारीच अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना इमारतीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात दहाव्या ते तेराव्या मजल्यांदरम्यान फुगवटा आलेला दिसला होता, इमारत करकरत होती, आणि ती पडणार हे ओळखून त्यांनी भोवतीचा परिसर तासन्‌तास आधी मोकळा करून घेतला होता. इमारत खाली बसत चालली की तिचा सांगाडाच असा बोलतो. ती आपल्याच चौथऱ्यात नीट बसली, असे शंकेखोर म्हणतात, तेही खरे नाही. तिच्या ढिगाऱ्याने पलीकडच्या रस्त्यावरच्या फिटरमन हॉल या महाविद्यालयीन इमारतीचे जबर नुकसान केले.

तरीही भाऊजी म्हणतील की एकच उदाहरण आहे आणि तेही वादग्रस्त. २००१ च्या आधी त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते. उंच इमारत मुख्यतः आगीमुळे पूर्णपणे कोसळल्याची ही पहिलीच ज्ञात घटना, असे निस्टनेच लिहिले आहे. पण त्यानंतर तेहरानची प्लास्को इमारत आहे, आणि माझ्या मते या वादात तिचे नाव जितक्या वेळा घ्यायला हवे तितके घेतले जात नाही. १९६२ मध्ये बांधलेली ही सतरा मजली पोलादी इमारत एके काळी तेहरानमधली सर्वांत उंच इमारत होती. वर शिवणकामाचे कारखाने, कापडाचे गठ्ठे, तयार कपड्यांचे ढीग, आणि स्प्रिंकलर नाहीत. धोक्याच्या सूचना पालिकेने व्यवस्थापनाला वारंवार दिलेल्या होत्या. १९ जानेवारी २०१७ रोजी सकाळी दहाव्या मजल्याच्या आसपास आग लागली. विमान नव्हते, दुसऱ्या इमारतीचा ढिगारा नव्हता. साडेतीन तासांच्या आसपास मजले खाली येऊ लागले आणि दूरचित्रवाणीवर थेट दिसत असताना सगळी इमारत बसली. आत गेलेले सोळा अग्निशामक जवान त्यात गेले. सतरा मजल्यांना गगनचुंबी म्हणावे की नाही, यावर हवा तर वाद घालता येईल; पण पोलादी सांगाडा नुसत्या आगीने पूर्ण कोसळू शकतो का, या प्रश्नावर त्या दिवसानंतर वाद उरला, असे मला वाटत नाही.

इतके वाचून तुमची धास्ती वाढली असेल, म्हणून आता दुसरी बाजू सांगतो, आणि ती तितकीच खरी आहे. फिलाडेल्फियामधली वन मेरिडियन प्लाझा ही अडतीस मजली इमारत २३ फेब्रुवारी १९९१ रोजी पेटली आणि अठरा तासांहून अधिक जळत राहिली. तीन अग्निशामक गेले. बीम काही ठिकाणी तीन फुटांपर्यंत खाली लोंबले, आणि इमारत पडेल या भीतीने जवानांना बाहेर बोलावून घ्यावे लागले. तरी ती पडली नाही. बाविसाव्या मजल्यावरून वर चढत गेलेली आग तिसाव्या मजल्यावर थांबली, कारण त्या मजल्यावर स्प्रिंकलर होते आणि त्यांतले दहाच उघडले. आठ मजले जाळून आलेली आग पाण्याच्या दहा तोंडांनी रोखली, ही गोष्ट मी तरुण अभियंत्यांना सांगताना आजही थांबतो. लॉस एंजेलिसची बासष्ट मजली फर्स्ट इंटरस्टेट बँकेची इमारत १९८८ मध्ये चार मजले जळूनही उभी राहिली. माद्रिदच्या बत्तीस मजली विंडसर मनोऱ्यात फेब्रुवारी २००५ मध्ये तर दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत दिसल्या : पोलादावर अग्निरोधक थर चढवण्याचे काम खालून वर चालू होते, सतराव्या मजल्याच्या वरचे बाहेरचे पोलादी कॉलम कोसळले, आणि मधला काँक्रीटचा गाभा व खालचा भाग उभा राहिला.

इंग्लंडमध्ये कार्डिंग्टन येथे, जुन्या हवाई जहाजांच्या प्रचंड हँगरमध्ये, १९९० च्या दशकात आठ मजली पोलादी इमारत खास जाळण्यासाठी उभी केली होती. तिथे उघडे, थर न दिलेले बीम अतिशय तापून वाकले, तरी वरचा काँक्रीटचा स्लॅब ताणलेल्या कापडासारखा काम करून मजला धरून राहिला. आमच्या व्यवसायाला त्याने मोठा धीर दिला, आणि तो बऱ्याच अंशी योग्य होता. पण त्याचबरोबर अग्निपरीक्षेची एक मर्यादा सांगायलाच हवी. ज्या भट्टीच्या चाचणीवरून बीमला दोन तासांचे किंवा तीन तासांचे प्रमाणपत्र मिळते, त्या भट्टीत सुटा बीम किंवा सुटा कॉलम ठेवतात. शेजाऱ्याला ढकलणारा, जोड ओढणारा अख्खा सांगाडा तिथे नसतो. सात क्रमांकाच्या इमारतीने ही उणीव दाखवली, आणि आराखडा करताना आगीतल्या प्रसरणाचाही हिशेब धरावा, ही शिफारस त्यातूनच आली.

तेव्हा मुलीबद्दल. तिच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने पोलाद आणि काँक्रीट यांतला फरक तुम्ही समजता तितका मोठा नाही. लंडनचा ग्रेनफेल मनोरा काँक्रीटचा होता, जून २०१७ च्या आगीत तो उभा राहिला, आणि तरी बहात्तर माणसे गेली. आगीत माणसे बहुधा धुराने आणि अडकल्याने जातात, इमारत पडण्याच्या कितीतरी आधी. न्यूयॉर्क शहराने २००४ मध्ये केलेल्या २६ क्रमांकाच्या स्थानिक कायद्याने १०० फूट व त्याहून उंच ऑफिस इमारतींना २०१९ पर्यंत स्प्रिंकलर बसवणे बंधनकारक केले, त्यामुळे तिच्या इमारतीत ते असायला हवेत. तिने नोकरी बदलण्याऐवजी इमारतीच्या अग्निसुरक्षा अधिकाऱ्याला विचारावे की स्प्रिंकलरसाठी इमारतीची स्वतःची टाकी आणि पंप आहेत का, की सगळे रस्त्यावरच्या जलवाहिनीवर आहे. पन्नाशीतल्या माणसालाही हा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण जिथे आपण रोज आठ तास बसतो, तिथला हा साधा हक्काचा प्रश्न आहे. ऑफिसात बाहेर पडण्याची कवायत होते, तेव्हा बहुतेक मंडळी कॉफीचा कप हातात घेऊन दरवाज्याशी उभी राहतात. तिने अडतीस मजले एकदा खरोखर उतरून पाहावेत, किती वेळ लागतो आणि कुठे दम लागतो, हे तिला स्वतःला कळलेले बरे. आणि धोक्याची घंटा वाजली की बॅगेसाठी मागे फिरू नये.

भाऊजींना चुकीचे ठरवण्यासाठी त्यांच्याकडे जाऊ नका. दिवाळीला ते घरी आले की आधी त्यांना सांगा की मुक्त पतनाची आणि बैठकीच्या रुंदीची त्यांच्या बाजूची तक्रार योग्य होती आणि ती अहवालाने मान्य केली. हे ऐकले की माणूस पुढचे ऐकायला तयार होतो, हा माझा सभांमधला जुना अनुभव आहे. मग तुमच्या यजमानांनी त्यांना धाव चढवण्याची आठवण काढून विचारावे की त्या गोवऱ्यांच्या जाळात लोखंड वितळत होते का, आणि नाही, तर लाकडी चाक कशाने कुरकुरत होते. ते अभियंते आहेत. पुढचे गणित ते स्वतः मांडतील. प्लास्कोचे नाव त्यानंतर काढावे, त्याआधी नको. इतके करूनही त्यांचे मत बदलले नाही, तर राहू द्या. दोघा भावांनी पंगतीला शेजारी बसायला या प्रश्नावर एकमत होण्याची अट घालू नये, एवढे तुम्ही मधे पडून नक्की सांगू शकता.

आणि मुलीचा रविवारचा फोन आला की तिला एवढेच विचारा, तिच्या टेबलापासून दुसरा जिना नेमका कुठे आहे आणि त्याचे दार खाली कोणत्या रस्त्यावर उघडते.